डोकं मिळालं

रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईंना सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. सत्तावीस वर्षं त्या तेच तर करत आल्या होत्या. पट्टकृमीचा रोगी औषध घेतल्यावर जे काही बाहेर टाकी, ते झाकणाच्या डब्यातून त्यांच्याकडे येई. नळाची बारीक धार सोडून त्या ते तारेच्या चाळणीत धुवून काढत आणि एकच गोष्ट शोधत, ती म्हणजे डोकं.

कृमी पंधरा हात लांब असला तरी त्याचं डोकं मोहरीएवढं असतं. त्यावर चार वाटोळे शोषक असतात, त्यांनी तो आतड्याला धरून राहतो. नवी पेरं फुटतात ती मानेपाशी. त्यामुळे अख्खी फीत पडली आणि डोकं आत राहिलं, तर तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. त्याला ना तोंड, ना पोट. माणसाने खाल्लेलं तो अंगानेच शोषून घेतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातला प्रकार.

म्हणून बाईंचा नियम होता, की डोकं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत 'डोकं मिळालं' लिहायचं नाही. हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तो म्हाताऱ्या घड्याळजींसाठी.

बायको गेल्यापासून घड्याळजी स्वतःच स्वयंपाक करत. मांस वरून करपे, आत कच्चं राही, आणि त्यातूनच हे दुखणं आलं होतं. औषधाने लांबच लांब फीत पडली. बाईंनी ती तीनदा धुतली, पण डोकं काही सापडलं नाही.

"पुन्हा औषध घ्यावं लागेल, काका," त्या म्हणाल्या.

घड्याळजी बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "बाई, मिळालं असं लिहाल का?"

"का?"

"दुपारी चार वाजले की तो साखर मागतो. मी आयुष्यात कधी गोड खाल्लं नाही. पण आता चार वाजायची वाट बघतो." ते ओशाळून हसले. "घरात कुणीतरी काहीतरी मागतंय, एवढंच हो."

एखाद्याने असलं काही सांगितलं तर बाई एरवी चांगलं खडसावत. त्या दिवशी त्यांना आपल्या दोन खोल्या आठवल्या. आई गेल्यापासून तिथे एकच ताट वाढलं जात होतं. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'डोकं मिळालं.'

पुढचे तीन महिने त्यांना ते खात राहिलं. घड्याळजी तपासणीला आले तेव्हा बाईंनी नमुना स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरला, एकदा नाही, चारदा. एक अंडं नाही की एक पेर नाही.

"तुम्ही बरे झालात, काका." बाईंना हायसं वाटलं. खोटं लिहिलेलं खरं निघालं होतं.

घड्याळजींना मात्र आनंद झालेला दिसला नाही. "मला कळलंच होतं," ते म्हणाले. "त्याच दिवशी इथून घरी गेलो, आणि चार वाजले तरी कुणी काही मागितलं नाही." जाता जाता दारात ते वळले. "बाई, तुम्ही फार वाळलात."

खरंच वाळल्या होत्या. गेले तीन महिने त्या दुप्पट जेवत होत्या, पण अन्न अंगाला लागत नव्हतं. बाई मांस खात नसत. शिवाय हा कृमी एका माणसाकडून थेट दुसऱ्याकडे जात नाही, त्याला मधे जनावर लागतं. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी स्वतःचा नमुना तपासला, तोही सलग सात दिवस. तो स्वच्छ होता.

त्या रविवारी धाकट्या बहिणीचा नेहमीसारखा फोन आला.

"ताई, आज तुझा आवाज किती बरा वाटतोय. कुणी आलंय का राहायला?"

"कुणी नाही गं," बाई म्हणाल्या.

आत बेंबीजवळ काहीतरी हलकंच आवळलं गेलं, रुसावं तसं. बाईंनी तिथे हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

महिन्याभरात वजन अकरा किलोंनी उतरलं. विभागाच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतलं. रक्त, एक्स-रे, सगळं तपासून झालं होतं.

"काही सापडत नाही. पण असंच चाललं तर तुम्ही वर्ष काढणार नाही, बाई. कृमीचं औषध एकदा घेऊन तर बघा. तोटा काय?"

बाईंनी गोळ्या पर्समध्ये टाकल्या.

गोळ्या दोन दिवस तिथेच राहिल्या. तिसऱ्या दिवशी आरशात गालांची हाडं पाहून बाई घाबरल्या. त्यांना जगायचं होतं. त्यांनी गोळ्या गिळल्या आणि त्या रडल्या. आई गेली तेव्हाही त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या नावाचा डबा टेबलावर ठेवला आणि नळाची धार सोडली.

चाळणीत काही नव्हतं.

त्यांनी पुन्हा धुतलं. भिंग लावून तार न् तार पाहिली. फीत नाही. पेर नाही.

तळघरात दुसरं कुणी नव्हतं. नळ ठिबकत होता.

बाईंनी वही ओढली. तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं. पेन थोडं थांबलं. मग त्यांनी खरं तेच लिहिलं, 'डोकं मिळालं नाही.'

 लिहिताना छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

घड्याळात चार वाजले.

बाईंनी हात स्वच्छ धुतले, खणातून साखरेचा डबा काढला आणि दोन चमचे साखर बशीत घेतली. एक स्वतःसाठी.