आखाजीचं बोलणं

सायकल विकताना दुकानदार लीलाधरला म्हणाला होता, "साहेब, हे टायर वाळूतसुद्धा पळतात."

लीलाधर धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. बाटलीवर जे लिहिलेलं असतं तेच बाटलीत असतं, या श्रद्धेवर त्याची नोकरी चालली होती आणि दोन्ही डोळेही शाबूत होते. तेव्हा त्यानं दुकानदारावरही श्रद्धा ठेवली.

एक्क्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सोनगीरचा किल्ला बघून उतरल्यावर, त्यानं ती लाल, जाड दातेरी टायरची, गिअरवाली सायकल आडवाटेनं थेट नदीच्या पात्रात घातली. वैशाखात त्या नदीत पाणी सोडून बाकी सगळं असतं. सायकल थोडी पळाली, जरा वळवळली आणि रुतली. मधोमध.

मधोमध रुतायला तो दिवस बरा नव्हता. एका काठावर नांदोळी बुद्रुकच्या पोरीबाळी जमल्या होत्या, दुसऱ्या काठावर नांदोळी खुर्दच्या. आखाजीला माहेरी आलेल्या आणि अजून माहेरीच असलेल्या साऱ्या जणी नदीवर येतात आणि पलीकडच्या गावाचा मनसोक्त उद्धार करतात. वर्षभर सासूसमोर गिळलेलं एका दुपारी बाहेर पडतं. पुरुष त्या बाजूला फिरकत नाहीत. लीलाधर नुसता फिरकला नव्हता, तर मुक्कामाला आल्यासारखा उभा होता.

"तुमना गावले नवरदेव उना वं माय!" खुर्दच्या काठावरून आलं. "घोडा भेटना नही, सायकलवर उना!"

"आमना नवरदेवले दोन चाकं तरी शेत," बुद्रुकहून खणखणीत उत्तर गेलं, "तुमनासले तं पाय बी नही!"

उत्तर देणारी मंजुळा. मोतीलाल आबांची धाकटी मुलगी. हिरवी साडी, कमरेला खोचलेला पदर, उन्हानं लाल झालेले गाल. तिनं तोंड उघडलं की खुर्दवाल्या आधी एक पाऊल मागे सरकत आणि मग ऐकत. तिनं आता वाळूतल्या माणसाकडे मोर्चा वळवला.

"ए सायकलवाला! आमना गावले जावई जोयजे. उतर खाले. आज हयद, सकाय लगीन!"

लीलाधरनं कपाळावरचा घाम पुसला. थोडा विचार केला.

"उद्या मला प्रॅक्टिकल आहे," तो म्हणाला. "रविवारी चालेल का?"

दोन्ही काठांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्ही काठ एकदमच हसले. नांदोळीच्या दोन्ही गावांचं इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.

मंजुळाची आत्या सुंदरबाई ही बुद्रुकची जुनी सेनापती. तिनं जागच्या जागी निकाल दिला. बायकांच्या बोलण्यात पुरुषानं तोंड घातलं, तर त्याला दंड. दंड काय, तर कडुनिंबाच्या झोक्यावर एकेकीला झोका द्यायचा.

लीलाधरनं सायकल काठाशी टेकवली आणि कामाला लागला. मंजुळाची पाळी शेवटी आली. ती शेवटी का आली, याची चौकशी कुणी केली नाही.

"मघाशी तुम्ही जे म्हणालात, ते—"

झोका गेला. आला.

"काय म्हणाले मी?"

"लग्नाचं..."

झोका गेला. या खेपेला जरा जास्तच उंच गेला. निंबाची फुलं भुरभुर सांडली, त्यातली काही लीलाधरच्या केसांत अडकली.

"आधी किल्ले बघा," झोका परत येताना ती म्हणाली. "सोनगीर झाला ना? आता लळिंग."

गेला. आला.

"मग पारोळा. मग थाळनेर. सगळे या सायकलवर. बघून यायचं आणि मला सांगायचं."

"आणि मग?"

"मग लगीन!"

"चालेल," लीलाधर म्हणाला.

मंजुळानं झोक्यावरच मान वळवून मागे पाहिलं. या माणसाच्या चेहऱ्यावर हसू कुठे लपलंय, ते तिला शोधायचं होतं. ते सापडलं नाही. सापडली ती केसांतली निंबाची फुलं.

आखाजीचं बोलणं दिवस मावळला की वाळूतच राहतं. कुणी उचलून घरी नेत नाही. नांदोळीत हे रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. धुळ्यात लीलाधरला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी तो आला. पहाटेच निघून लळिंग चढला होता, तिथून उलटा फिरून धुळ्यावरून नांदोळीपर्यंत, शर्टावर मिठाच्या रेषा घेऊन. सरळ मोतीलाल आबांच्या ओट्यावर बसला आणि किल्ला सांगू लागला. तटावरून धुळं कसं दिसतं, वारा कानात कसा घुमतो, उतारावर गिअर कसा टाकायचा. आबांचं अर्धं आयुष्य महामार्गावरून लळिंगखालून बैलगाडी हाकण्यात गेलं होतं. वर काय आहे ते त्यांना आज कळत होतं. ते खूष झाले. हा पोरगा किल्ल्यांच्या नादातला आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

"तिथून आणलं काय?" दाराआडून प्रश्न आला.

"पंक्चर," लीलाधर म्हणाला. "बाभळीचा काटा. दाखवू?"

त्यानं खरंच काटा खिशातून काढला. मंजुळानं तो तळहातावर घेतला, निरखून पाहिला आणि परत द्यायला विसरली.

पुढच्या रविवारी पारोळा. "किल्ला भर गावात आहे," त्यानं सांगितलं. "खंदकाच्या कडेला बाजार भरलेला. मिरच्यांचे ढीग होते, त्यामुळे अर्धा किल्ला शिंकत शिंकत पाहिला."

"आणि?"

"आणि बुरूज आहेत. दरवाजा भक्कम आहे. आणि... परत येताना एक निंब दिसला. झोका बांधायला चांगली फांदी होती."

हे त्यानं बुरुजाच्याच सुरात सांगितलं. चहाचा कप पुढे करणारा मंजुळाचा हात मात्र हवेतच थांबला. आबा म्हणाले, "घे भाऊ, गार व्हस." कप गार झाला नव्हता.

शनिवार आला की मंजुळा अंगण झाडायला घेई. सुंदरबाईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"पोरी, आंगन झाडस का खोदस?"

मंजुळानं उत्तर दिलं नाही. ही गोष्ट सुंदरबाईला फार गंभीर वाटली.

मंजुळाचा जीव आता थाळनेरपाशी अडकला होता. थाळनेर झालं की हा माणूस लग्नाचं विचारणार. तेव्हा ते आखाजीचं बोलणं होतं, असं सांगावं लागणार. सांगितलं की तो हसणार, सायकलवर बसणार आणि रविवार रिकामा होणार. म्हणून तिनं मधेच बळसाण्याची देवळं घुसवली.

"ती किल्ल्यात धरायची?" लीलाधरनं शंका काढली.

"धरायची."

"चालेल."

तो बळसाण्यालाही जाऊन आला. पडक्या देवळांमधली सावली किती गार होती, ते सांगताना दाराकडे बघत राहिला. मग मात्र थाळनेर आलंच. त्या रविवारी तो ओट्यावर बसला तेव्हा नाकाचं कातडं सोललेलं होतं.

"तापी किल्ला खाते आहे, आबा. भिंत अर्धी पाण्यात. आणि जुन्या कबरी आहेत, फार देखण्या, एकमेकींशी न बोलता उभ्या." त्यानं पाण्याचा तांब्या घेतला. "झाले. संपले सगळे."

"पन लीलाधरभाऊ," आबा म्हणाले, "हाई किल्लासनं याड तुमले लागनं कसं?"

"मंजुळानं सांगितलं होतं. किल्ले झाले की लग्न."

आबांनी शेजारी बसलेल्या सुंदरबाईकडे पाहिलं.

"कव्हय सांगं?" सुंदरबाईनं विचारलं.

"आखाजीला. नदीवर."

आणि मग सुंदरबाई हसली. आबांनी उपरणं तोंडाशी धरलं, पण ते पुरेना.

"आरे भाऊ, ते आखाजीनं बोलनं!" सुंदरबाई डोळे पुसत म्हणाली. "ते कोनी धरस का? दर सालले खुर्दना पोलीसपाटीलनं लगीन मी गाढवसंगे लावस. ते काय खरं शे?"

लीलाधरही हसला. सगळे हसत असताना माणूस जेवढं हसतो, तेवढं. तांब्या हळूच खाली ठेवला. पाणी त्यात तसंच होतं.

"असं होय," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. माफ करा आबा, माझं चुकलं."

दारात मंजुळा उभी होती. खुर्द गाव जिच्या जिभेला भ्यायचं, तिला साध्या रविवारी एक साधं वाक्य सापडेना. ती ते शोधत होती, तोवर सायकल वळली, अंगणातून गेली, उतारावर दिसेनाशी झाली.

"आते काय बघस?" सुंदरबाई हसायची थांबली होती. "जाय ना!"

लीलाधरचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. त्यामुळे सायकल पुन्हा नदीत गेली आणि पुन्हा तिथेच रुतली. पलीकडे खुर्दच्या बायका वाळूत खणलेल्या झिऱ्यावर वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. त्यांचे हात थांबले.

"अहो—" काठावरून हाक आली. फार बारीक.

"काय?"

"थाळनेरचं... अर्धंच सांगितलं तुम्ही."

"राहू द्या. ते कोणी धरत नाही."

मंजुळा वाळूत उतरली. अनवाणीच पळत आली होती. वाळू तव्यासारखी तापलेली. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली, म्हणजे एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

"आज आखाजी शे का?"

"नाही. रविवार आहे."

"मग आज बोललेलं धरतात."

"बोला ना मग."

ती त्याच्याकडे बघेना. वाळू भाजत होती, की आणखी काही भाजत होती, कळायला मार्ग नव्हता. शेवटी अगदी हळू, सायकलच्या घंटीकडे बघत ती म्हणाली, "ए सायकलवाला... आमना गावले जावई जोयजे."

लीलाधरनं कपाळावरचा घाम पुसला. थोडा विचार केला.

"उद्या मला प्रॅक्टिकल आहे," तो म्हणाला.

"आणि रविवारी?"

"रविवारी चालेल."

मग खाली वाकून त्यानं आपले कॅनव्हासचे बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले. तिनं ते घातले. दोघांनी मिळून सायकल ढकलायला घेतली, ती त्याच्या ढगळ बुटांत फताफता चालत आणि तो तिच्या शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत, पण दात दाखवत.

झिऱ्यावरच्या बायकांनी हे सगळं नीट पाहून घेतलं. बूट, उड्या, दात, सगळं. आणि तोंडातून अवाक्षरही न काढता हंडे उचलले. पुढच्या आखाजीपर्यंत ते जपून ठेवायचं होतं.