जागच्या जागी दोन स्क्रू

सोमवारी दुपारी एक गृहस्थ दाजींच्या कचेरीत शिरला, तो घामाघूम होऊनच. कचेरी म्हणजे काय, तर एक टेबल, तीन खुर्च्या आणि दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी. तपास करणारे दाजी, पाटी पुसणारेही दाजी, आणि त्यांच्या मागे पिशवी घेऊन फिरणारा त्यांचा मेहुणा. मेहुण्याला बुद्धी देताना देवानं हात जरा आखडता घेतला असेल, पण मन मात्र भरभरून दिलं होतं.

“माझ्या बहिणीच्या शिलाई यंत्राचं शटल चोरीला गेलं,” गृहस्थ म्हणाला.

“नुसतं शटल?” मेहुणा म्हणाला. “मग यंत्रच का नाही नेलं?”

“अहो, ते चार माणसांना उचलत नाही! बॅगा शिवायचं यंत्र आहे. खालचा दोरा शटल धरतं. ते नसलं की नुसता लोखंडाचा गोळा. नवं यायला पंधरा दिवस लागतात. आणि परवापासून दोनशे दप्तरं शिवायला घ्यायचीत! शाळेची ऑर्डर मी स्वतः आणलीय. तीन आठवड्यांत दिली नाहीत, तर नऊ वर्षं कमावलेलं तिचं नाव एका दिवसात जाईल.”

“कळलं कधी?”

“आज अकराला मी सहज डोकावलो. ती कापडाच्या गठ्ठ्याला टेकून गाढ झोपली होती. हलवून उठवलं तेव्हा म्हणाली, दादा, शटल गेलं. पोलिसांत नको म्हणते. धक्का बसलाय बिचारीला.”

दाजींनी चपला पायात सरकवल्या. “चला, मेहुणे.”

बॅगवालीचं दुकान एका माणसापुरतंच होतं. कापणारी ती, शिवणारी ती, झाडणारी ती, आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घेणारीही तीच. तिच्या डोळ्यांखाली काळं दाटलं होतं. दाजींना बघून ती उठली, तेही टेबलाचा आधार घेऊन.

“बसा, ताई,” दाजी म्हणाले. “काल, रविवारी, दुकान बंद कुणी केलं?”

“मीच. सहाला.”

“आणि उघडलं?”

“मीच. कुलूप ठीक होतं.”

“किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे, दुसरी उस्तादांकडे. त्यांनीच शिकवलं मला.”

यंत्रावर खोळ नीट घातलेली होती. दाजींनी ती काढली. सुई वर होती. दाबपट्टीखाली कापडाचा तुकडा सरकवून पट्टी हळूच टेकवलेली होती. खालचं झाकण उघडलं, तर शटलची जागा रिकामी, पण त्याचे दोन्ही स्क्रू आपापल्या भोकात घट्ट बसवलेले. त्यांच्या खाचांवर साधा ओरखडाही नव्हता.

मागे दोन फळ्या होत्या. ‘तयार’ लिहिलेली फळी चिठ्ठ्या लावलेल्या बॅगांनी खच्चून भरलेली. ‘बाकी’ लिहिलेली साफ रिकामी.

“वा! कामाला चोख आहे हो बाई,” मेहुणा पुटपुटला.

दाजींनी रिकाम्या फळीवरून बोट फिरवलं.

समोरचा दुकानदार तयार बॅगा विकायचा. प्रश्न ऐकून तो भडकलाच.

“मी चोरलं? अहो, माझ्याकडे शिलाईचं यंत्रच नाही! ते शटल फुकट दिलंत तरी कागदावर वजन म्हणून ठेवीन. उलट तिच्यामुळे माझं बरं चाललंय. माझ्याकडच्या बॅगांच्या चेनी तीच बदलते.”

“लवकर देते?”

“कसली लवकर! एकटी बाई, मागे ढीग. माझ्या बायकोची बॅग तीन महिने पडून होती. शनिवारी मात्र स्वतः रस्ता ओलांडून आणून दिली. म्हणाली, आता माझ्याकडे कुणाचं काही अडकलेलं नको. मला वाटलं, देव पावला!”

उस्ताद दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून दाखवली. मग पाहुण्यांसाठी चहा ओतायला घेतला, तर अर्धा बशीत सांडला.

“हाताला कंप आहे,” ते ओशाळून म्हणाले. “सुईत दोरा ओवणं सुटलं, म्हणून तर धंदा सोडला. पोरगी गुणाची हो. यंत्राला निजवल्याशिवाय घरी जाऊ नको, एवढंच शिकवलं मी. पट्टीखाली कापड, वर खोळ. बाकी सगळं तिचं तिनं केलं.”

बाहेर पडताच मेहुणा कुजबुजला, “दाजी, म्हाताराच! किल्ली आहे, यंत्राची माहिती आहे.”

“चला, उस्तादांनाही घेऊन जाऊ,” दाजी थकल्या आवाजात म्हणाले. “हा तपास संपवायला मला आज मुळीच हौस नाही.”

पाच वाजता चौघं बॅगवालीसमोर बसले. भावाला धीर नव्हता. “सापडला का चोर?”

“कुलूप तुटलं का? नाही. स्क्रू फेकले का? नाही. ज्याला भाग परत बसवायचा असतो, तोच स्क्रू हरवू नयेत म्हणून जागी लावतो. आणि वर यंत्राला निजवून गेला. असं करणारी माणसं दोन, आणि किल्ल्याही त्याच दोघांकडे.”

मेहुण्यानं उस्तादांकडे रोखून पाहिलं.

“नाही, मेहुणे. ज्यांच्या हातून चहा सांडतो, त्यांचा पेचकस एकदा तरी घसरला असता. खाचांवर ओरखडा नाही.”

दाजींनी ‘बाकी’च्या फळीकडे बोट दाखवलं.

“आता दुसरं. शटल गेल्यानं अडलं कुणाचं? एकाही गिऱ्हाइकाचं नाही. शनिवारपर्यंत प्रत्येकाचं काम पुरं झालं होतं. अडली ती फक्त दप्तरं. शटल शनिवारनंतर जाणार, हे आधीच ठाऊक असलेलं माणूस एकच. आणि दादा, चोरी झालेलं माणूस आरडाओरडा करतं. ही झोपली होती. मला वाटतं, पुष्कळ दिवसांनी.”

बॅगवालीनं ॲप्रनच्या खिशातून तेलाच्या फडक्यातली पुडी काढून टेबलावर ठेवली. शटल चकचकीत पुसलेलं होतं.

“अगं, पण का?” भाऊ उठून उभा राहिला. “मला नुसतं नाही म्हणायचंस!”

“तुला? दुकानाच्या परवान्यासाठी तू माझ्यापायी सतरा हेलपाटे घातलेस, दादा. ऑर्डर मिळाली म्हणून नाचत आलास. त्या तोंडाला नाही कसं म्हणू?” तिनं शटल पुन्हा फडक्यात गुंडाळलं. “नोकरी असती तर रजा मागितली असती. राजीनामा दिला असता. इथं अर्ज लिहायचा कुणाला? साहेबही मीच. पंधरा दिवस हवे होते रे. नुसते बसायला.”

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते बाहीनं पुसलं.

 भावानं शाळेत फोन लावला.

“मुख्याध्यापिकाबाई, दप्तरांबद्दल बोलायचं होतं... नाही, यंत्राला काही झालेलं नाही. माझ्या बहिणीला दोनशे जमणार नाहीत. मी तिला न विचारता शब्द दिला, चूक माझी... किती जमतील? ते मला कसं...”

बॅगवालीनं हात पुढे केला. भावानं फोन तिच्या हातात दिला.

“नमस्कार, बाई. चाळीस जमतील,” ती म्हणाली. “महिन्याभरात. बाकीच्यांसाठी दुसरा कारागीर बघा, मी नाव सांगते.” पलीकडचं ऐकून तिनं मान हलवली. “हो, बघायला या की. फक्त रविवारी नको. रविवारी दुकान बंद असतं.”

“कधीपासून?” भावानं हळूच विचारलं.

तिनं फोनवर हात धरला. “या रविवारपासून.”