बयाबाईच्या मुठीतले केस

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलंय. साल एकोणीसशे एकसष्ट, पोलादपूरजवळचं माझं आजोळ. आणि तेही भरदिवसा.

माझा आजा महिपती गावचा न्हावी. त्या चैत्रात शेजारची बयाबाई रानात मरून पडलेली सापडली. कोयत्याचे सात घाव. बाई विधवा, मूलबाळ नाही, नावावर चांगली भाताची जमीन.

तिच्या उजव्या मुठीत केस होते… मुळासकट उपटलेले.

फौजदारानं ते सील करून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले.

दहाव्याला सावित्री नदीकाठी तिचा दीर कोंडाजी मुंडणाला बसला. आज्यानं केस भिजवले, वस्तरा फिरवला… आणि त्याचा हात थांबला.

कानामागं मूठभर जागा सोललेली. वर खपली धरलेली.

“वस्तरा चालव रे,” कोंडाजी हळूच म्हणाला. “तुजं घर माज्या जागेत हाय.”

केस नदीनं नेले. पुढं मुंबईहून उत्तर आलं, जुळवायला संशयिताचे तेव्हाचे केस पाहिजेत, नव्या खुंटांवरून काही सांगता येणार नाही. मग फौजदार आज्याकडं आला. कोंडाजीच्या डोक्याला जखम होती का, एवढंच सांग म्हणाला.

“नाय बगली, सायेब.”

आज्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चार पोरं घेऊन तो जाणार कुठं? कोंडाजी सुटला.

त्या दिवसापासून हजामत करताना आज्याला मागून धाप ऐकू यायची. जीव घेऊन पळत आल्यासारखी. वळून बघितलं तर… कुणीच नाही.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी कोंडाजी दाढीला आला. डोक्यावर केस पुन्हा वाढलेले. आंब्याखाली भिकू आणि गोमाजी आपल्या पाळीची वाट बघत बसले होते.

आज्यानं डाव्या हातानं कातडी ताणली, वस्तरा गळ्याला लावला.

धाप आली… अगदी कानाशी.

कोंडाजीचं डोकं खाडकन मागं गेलं. केस ताठ उभे, कुणी मुठीत धरावेत तसे. आज्याचे दोन्ही हात पुढं होते. दोघांनीही ते पाहिलं.

“सोड गो, वयनी…” कोंडाजी रडत म्हणाला.

आणखी एक हिसडा.

गळा चिरला. रक्त आंब्याच्या बुंध्यापर्यंत उडालं.

भिकू-गोमाजीच्या साक्षीनं आजा सुटला. डॉक्टरनं लिहिलं, मूठभर केस कातडीसकट उपटलेले. पोलिसांनी सगळं अंगण झाडून काढलं. ते केस सापडले नाहीत.

आज्यानं पुन्हा हजामतीची धोकटी उघडली नाही. मरताना माझ्या आईला जवळ बोलावून म्हणाला, “डोकं तिनंच वडलं गो. पन मानेवरनं वस्तरा उचलाया येल होता मला… मी उचलला नाय.”

कोंडाजीला नक्की कुणी मारलं, मला आजही ठरवता येत नाही. न्हाव्यापुढं मान वर करायची मात्र हिंमत होत नाही.