रिकामं भांडं द्यायचं नसतं

मावशीची चूल विझलेली, काड्यापेटी सादळलेली. म्हणून मी हातात गोवरी घेऊन शेजारच्या खोलीवर विस्तव मागायला गेले आणि दारातच थबकले. ओट्यावर उकिडवा बसून एक तरणाताठा माणूस भांड्याच्या झाकणावर निखारे रचत होता. झाकणावर!

"अहो, विस्तव खाली घालतात," मी म्हणाले. नेवाशाच्या बालवाडीत शिकवत होते ना... चूक दिसली की जीभ थांबायची नाही.

त्यानं मान वर केली. डोळे धुरानं लाल, तरी हसरे. "खाली बी घातलाय, बाई. एकीकडनं आच लागून भागत न्हाई."

त्यानं झाकण उचललं. आत भरली वांगी, वरून खमंग तांबूस. मी विस्तव मागायचंच विसरले.

हा मच्छिंद्र. पाटाच्या मोजणीवर आलेला, शेवगावकडचा, हातानं रांधून खाणारा. भांडं बिडाचं, बुटकं, तीन पायांचं. त्याचे वडील नगरच्या कॅम्पात एका साहेबाकडे खानसामा होते. सत्तेचाळीस साली विलायतेला परतताना साहेब ते देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वांगी भांड्यासकट आमच्याकडे आणून दिली. छबूमावशीनं बोटं चाटली आणि बजावलं, "भांडं रिकामं द्यायचं न्हाई हां, मने. येनं-जानं तुटतं."

रिकामं देणार नव्हतेच. पण आधी घासायला नको? चिंच, राख, विटेचा चुरा घेऊन मी तासभर घासलं. काळं निघून करडं बीड चमकायला लागलं. केवढी ऐट मला! त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून नेऊन दिलं.

त्याचा चेहराच उतरला. "काळं कुटं गेलं?"

"घासलं मी. किती कळकट होतं!"

"कळकट न्हाई वो... चोवीस वर्सं मुरलेलं तेल हुतं ते."

दुसऱ्या दिवशी भांडं गंजून तांबडं झालं. मला रडूच कोसळलं. तो मात्र रागावला नाही. "उद्यापास्नं या. करडईचं तेल लावायचं, निखाऱ्यावर तापवायचं, पुसायचं. रोज."

"किती दिवस?"

"ते भांडंच सांगंल."

मग रोज शाळा सुटली की त्याच्या ओट्यावर माझी हजेरी. समोर मावशी तांदूळ निवडत बसायची. तांदळापेक्षा आम्हालाच जास्त निवडायची.

"तेल थोडं लावा, मनकर्णाबाई."

"थोडंच लावलंय."

"भांड्याला थोडं... गालाला लई लागलंय."

मी पदरानं गाल पुसला, तर काजळी आणखी पसरली. तो हसला. मग मीही.

खरं सांगते, भांडं लवकर काळं होऊ नये असं मला वाटायला लागलं होतं. पण संक्रांतीच्या सुमाराला ते काळंभोर झालं, आणि त्याच आठवड्यात मोजणीचा मुक्काम हलायचं ठरलं. तो जाणार. त्याच्याशिवाय संध्याकाळी करमणार नाही, हे मला कळून चुकलं होतं. पण बोलायचं कुणी?

निघायच्या सकाळी मी त्याच भांड्यात, वर-खाली निखारे घालून भरली वांगी केली आणि दिली. तो आमच्याच पडवीत बसून जेवला. मग भांडं पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि माझ्यापुढं धरलं. बाहेर मोजणीवाल्यांच्या ट्रकचा भोंगा वाजत होता.

"ठेवा तुमच्यापाशी."

"आठवण म्हणून?" मी विचारलं. आठवण देतात ती जाणारी माणसं...

"आठवण कशापायी?" त्याची नजर चुलीकडे, कान लाल. "शिवरात्र झाली की आईला घेऊन येतो. तुमाला मागायला. मन असंल तर भांडं तुमच्यासंगंच येऊ द्या आमच्या घरी. नसंल तर... परत द्या. पन भरून द्या. रीत हाय."

मी भांडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. साडीला तेल लागलं, लागू दे. "एकीकडून आच लागून भागत नाही म्हणाला होतात ना? मग ऐका... इकडूनही लागलीय. कधीची."

भोंगा पुन्हा वाजला तसा तो धावत सुटला. एक वहाण पडवीतच राहिली.

आतून मावशी ओरडली, "मने, भांडं दिलं का गं त्याचं?"

"नाही मावशी!" सुटलेल्या ट्रकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं. "देणार नाही!"