हस्तठसा

सॉफ्टवेअर परिषदेच्या कार्यशाळांमध्ये आता कुणी तोंडाने शिकवत नसे. शिक्षक पातळ हातमोजे चढवून तासभर संगणकावर काम करी. त्याच्या बोटांकडे जाणारे मज्जातंतूंचे संदेश नोंदले जात आणि तसेच मोजे घातलेल्या प्रशिक्षणार्थींच्या हातांत उतरत. याला हस्तठसा म्हणत. एकदा आलेली सायकल विसरत नाही, तसा हा ठसाही पुसला जात नसे.

म्हणूनच या कार्यशाळा आखणारी इरावती साबडे प्रत्येक ठसा आधी स्वतःवर घेऊन पाही.

निनाद घैसासच्या कार्यशाळेच्या आदल्या दिवशी तिने त्याचा ठसा घेतला. कोलमडलेली प्रणाली त्याच्याइतकी झपाट्याने कुणी उभी करत नसे. तीनशे जागा केव्हाच भरल्या होत्या. संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, मकरंदने, तिच्या लॅपटॉपवर चहा सांडला.

"अगं, चहाच आहे. धरण नाही फुटलं!" तो हसला.

तिचा उजवा हात उठला आणि त्याच्या गळ्याला भिडला. अंगठा थेट श्वासनळीवर. मकरंद काळानिळा पडला. ती स्वतःच्याच हातावर "सोड, सोड" म्हणून किंचाळत होती. शेवटी त्याने ओट्यावरचा बत्ता तिच्या कोपरावर हाणला, तेव्हा बोटं उघडली.

सकाळी तिने डॉ. शिरोळ्यांना गाठलं. हस्तठशाचं तंत्र त्यांचंच.

"तो राग माझा नव्हता, डॉक्टर. निनादने कुणाचा तरी गळा दाबलाय. एकदा तरी."

"एकदा नाही, बाई." त्यांनी मान खाली घातली. "एकदा केलेल्या गोष्टीचा ठसा उमटत नाही. सवयीचाच उमटतो."

"तेवढीच सवय गाळता येईल?"

"त्याचा वेगही त्याच तंतूंतून येतो. गाळलं, तर शिकवायला काही उरणार नाही."

"मग तो हात सुटतो कसा?"

"ज्या गळ्यावर सराव झाला, त्यालाच ठाऊक."

इरावतीला निनादची बायको आठवली. केतकी. भर उन्हाळ्यातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली.

सभागृहात तीनशे जण मोजे चढवून बसले होते. पहिल्या रांगेत केतकीही होती, ओढणी गुंडाळून. इरावतीने व्यासपीठावर जाऊन यंत्राची वायर उपटली.

"कार्यशाळा रद्द! घैसास, तुमचा हात कशाला सरावलाय ते कळलं मला."

"घरातलं घरात, मॅडम," निनाद दबक्या आवाजात म्हणाला. "पुरावा आहे काही?" आणि वायर हिसकावण्यासाठी त्याने तिला ढकललं.

दोन उजवे हात एकाच वळणाने उठले. तिचा आधी पोचला.

निनादचे डोळे बाहेर आले. ती जीव तोडून मागे सरत होती. पुढे सरसावलेल्यांनी तिचं मनगट ओढलं. सुजलेल्या कोपरावर तिने स्वतःच माइक हाणून घेतला, हाड मोडल्याचा आवाज झाला, तरी बोटं सुटेनात.

"केतकी!" ती ओरडली. "कसा सोडवतेस तू? सांग!"

पहिल्या रांगेतून केतकी उठली. लोकांनी तिला वाट करून दिली. तिने गळ्याची ओढणी सोडली, तिची सावकाश घडी घातली, आणि पुन्हा खाली बसली.