टाळी परत आली नाही

विश्वास ठेवा, नका ठेवू. हे माझ्यासोबत घडलंय. खोटं रचत बसायला मला वेळ नाही, घरात ढीगभर कामं पडलीत.

मी संग्रहालयात पहारेकरी आहे. गुरुवार होता, संध्याकाळचे पावणेपाच. पाळणाघर बंद, म्हणून सहा वर्षांच्या लेकीला कामावर नेलं होतं.

आमचं मोठं दालन बांधणाऱ्याने भलत्याच हुशारीने बांधलंय. आत शिरायची वाट इतकी बुटकी, की मान वाकवावीच लागते. आणि मग एकदम चार मजले उंच छत! बाहेर गमजा मारणारे आत आले की कुजबुजायला लागतात. मला रोज हसू येतं.

खांबांमुळे दारातून सगळं दिसत नाही. म्हणून बंद करताना आम्ही एक टाळी वाजवतो. दालन रिकामं असेल तर ती तीनदा घुमते. गर्दी असेल तर विरून जाते.

लेक मधल्या बाकावर चित्र काढत होती. मी चाव्या आणायला गेले. दोन मिनिटं, शप्पथ!

परत आले, तर बाक रिकामा...

टाळी वाजवली.

काहीच घुमलं नाही...

पुन्हा वाजवली, जोरात. आवाज तिथल्या तिथे विरला. दालन खचाखच भरलेलं असावं तसा.

आणि समोर चिटपाखरू नाही!

"पिल्लू!"

"आई..." आवाज बाकाजवळूनच आला. "मला येताच येत नाहीये. हे लोक वाट देत नाहीत."

धावले. धावले कसली... वीस पावलं, पण खांदे रेटत जावं लागलं. कुणाला रेटत होते, विचारू नका.

हात पुढे केला. इवलीशी बोटं लागली. खेचलं, तेव्हा कुठे ती दिसली.

तिला उचलून त्या बुटक्या वाटेतून पळाले. कपाळ आपटलं, त्याचंही भान नव्हतं.

घरी पोचलो. नवरा दार लावायला गेला.

"बाबा, थांब ना," लेक म्हणाली. "अजून सगळे आत आले नाहीत."

त्याला वाटलं, पोरीचा खेळ. बिचारा हसत हसत दार धरून उभा राहिला. लेक दाराकडे बघत मागे मागे सरकत होती... पार भिंतीला टेकेपर्यंत.

आमचं घर दोन खोल्यांचं आहे हो. लेक आता त्यात अंग चोरून चालते.

परवापासून मीही.