शंभराला एकशे तेहेतीस

मिनिटाला शंभर ठोके पडणारं लेझीम आणि एकशे तेहेतीस ठोक्यांचं गाणं एकाच वेळी वाजवायचं. कुणाला हळू करायचं नाही, कुणाला पळवायचं नाही. जमेल?

"जमणार नाही," ठेकाराम म्हणाला. ठेकाराम हा कऱ्हाडच्या एका शाळेतला यंत्रमानव. सन २०७१च्या स्नेहसंमेलनात मिक्सर (दोन गाणी एकमेकांत मिसळायचं यंत्र) त्याच्या ताब्यात होता, आणि अधिकार हाती आला की माणसं ताठतात तसा तोही ताठला होता. "तुझं गाणं मी शंभरावर आणतो."

"हात तर लावून बघ!" सातवीतली रेवती कडाडली.

दोन महिने खपून तिनं शाळेच्या जुन्या लेझीमगीताचं रीमिक्स (जुन्या गाण्याची नवी बांधणी) केलं होतं, तेही यूके गॅराजच्या चालीवर. हे लंडनमध्ये जन्मलेलं, तुरुतुरु पळणारं नाचाचं संगीत. त्याचा ठेका मधेच टुणकन उडी मारतो. हळू केलं की त्यातला जीवच जातो.

"मग नियम ऐक," ठेकाराम म्हणाला. "लेझीमच्या सलग तीन ठोक्यांवर तुझा ठोका पडला नाही, म्हणजे तीन चुका झाल्या, की आवाज बंद आणि तुझं नाव कार्यक्रमातून बाद."

तालमीत रेवतीनं दोन्ही एकदम लावलं होतं, तेव्हा भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज झाला होता. पण माघार घेईल ती रेवती कसली!

तिची शकूआत्या ग्रहताऱ्यांचा अभ्यास करायची. ती मंडपामागे शेंगदाणे खात बसली होती. रेवतीनं तिला सगळं सांगितलं.

"आगं, हट्ट धर की, पण आधी मोज," आत्या म्हणाली. "शनीचे दोन चंद्र हायेत. टायटन चार फेऱ्या मारतो, तेवढ्यात हायपेरियनच्या तीन हुतात. कुणी कुणासाठी थांबत न्हाय. तरी ठरल्या वेळी गाठ पडतीच."

तिनं बाकावर शेंगदाणे मांडले. वरच्या रांगेत तीन, खालच्या रांगेत चार, दोन्ही रांगांची लांबी सारखीच.

"लेझीमचा एक ठोका किती वेळाचा?"

"साठ भागिले शंभर. शून्य पूर्णांक सहा सेकंद."

"तीन ठोके?"

"एक पूर्णांक आठ सेकंद." रेवतीचे डोळे चमकले. "माझा ठोका जवळजवळ शून्य पूर्णांक पंचेचाळीसचा. असे चार... एक पूर्णांक आठच! आत्या, मी प्रत्येक ठोका जुळवायला बघत होते!"

"आणि सुरुवात?"

"मनाला येईल तिथं." रेवतीनं जीभ चावली.

मैदानात हलगी घुमू लागली. लेझीममध्ये पवित्रा बदलायचा झाला की उस्ताद शिट्टी मारतात आणि पुढच्या ठोक्यावर शंभर पावलं एकदम वळतात. रेवतीनं तो ठोका हेरला. शिट्टी झाली, पावलं वळली आणि त्याच क्षणी तिनं रीमिक्स सोडलं.

"चूक एक!" ठेकाराम गरजला. "चूक दोन!"

तिसऱ्याला दोन्ही ठेके एकमेकांवर खणकन बसले.

"शून्य," ठेकाराम गोंधळून म्हणाला. "एक. दोन. शून्य."

हलगी वाजवणारा माणूसच, त्यामुळे वेग जरासा मागेपुढे होत होता. तसतशी रेवती बोटानं आपल्या गाण्याची फिरती तबकडी किंचित ढकलत, किंचित अडवत राहिली. तिच्या कपाळावर घाम आला, पण बोट चुकलं नाही.

"हे नियमात बसत नाही! थांबव!" ठेकाराम म्हणाला.

"तुझाच नियम आहे. सलग तीन चुकले का? मोज!"

बिचारा मोजत राहिला. त्याचा माईक उघडाच होता. "एक, दोन, शून्य" मैदानभर घुमू लागलं. लेझीमवाल्या पोरांनी ते उचललं, आणि दर शून्याला पन्नास लेझिमं एकदम खणखणू लागली. रेवतीला इतका आनंद झाला की तिला रडूच आलं.

गाणं संपल्यावर ठेकारामनं विचारलं, "गाण्याच्या पाच ठोक्यांना लेझीमचे चार असतील तर?"

"तर तुला तीनपर्यंत मोजावं लागेल," रेवती म्हणाली. "पुढच्या वर्षी नियम बदलून ये."